कामगारांचे दप्तर किती वर्षे ठेवावे: रत्नागिरीतील एका अभिलेख सेवेचे परीक्षण

कारखान्यातील जुनी मस्टर, पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीची चलने आणि कामगारांच्या वैयक्तिक फायली उचलून नेणे, त्या साफ करून त्यांची सूची करणे, आवश्यक कागदांचे स्कॅनिंग करणे, मूळ कागद खोक्यांत भरून आपल्या गोदामात सांभाळणे आणि मुदत संपल्यावर ते नष्ट करणे, अशी सेवा रत्नागिरी शहरालगतचे एक कामगार-कायदा सल्लागार देतात. आमच्या आस्थापनेत वर्षभर काजू प्रक्रिया आणि हंगामात आंब्याचे कॅनिंग चालते. कार्यालयाची जबाबदारी माझ्याकडे असल्याने या सेवेशी होणारा व्यवहारही मीच पाहतो. पुढे मांडलेले आक्षेप थोडे नाहीत आणि ते कामाच्या पद्धतीवर आहेत, माणसांवर नाहीत. म्हणून सेवेचे नाव येथे दिलेले नाही.

आधी जे चांगले आहे ते सांगतो, कारण ते खरोखर चांगले आहे. कोकणात कागद टिकवणे हेच मुळात कष्टाचे काम आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतींना ओल असते, लोखंडी कपाटाच्या तळाला गंज चढतो, फायलींच्या पाठींवर बुरशी येते, आणि पावसाळा संपला की वाळवी व कसर राहिलेले काम पुरे करतात. या लोकांनी आमचे दप्तर नेले तेव्हा प्रत्येक गठ्ठा उन्हात न घालता सावलीत पंख्याखाली वाळवला, गंजलेल्या टाचण्या आणि पिना काढून टाकल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांत कोंडलेले कागद बाहेर काढून जाड पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवले. प्लॅस्टिकमध्ये कागद सुरक्षित राहतो हा आपल्याकडचा समज किती चुकीचा आहे, हे त्यांनी आमच्याच गठ्ठ्यांतील चिकटलेली पाने दाखवून पटवून दिले. गोदाम वरच्या मजल्यावर आहे, फळ्या भिंतीपासून सुटलेल्या आहेत आणि सर्वांत खालची फळी जमिनीपासून चांगली उंच आहे.

या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व चिपळूणकरांना वेगळे सांगण्याची गरज नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी बाजारपेठेत शिरले तेव्हा तळमजल्यावरची किती दुकाने, कार्यालये आणि त्यांतील दप्तरे चिखलात गेली, याचा हिशेब कोणीच पूर्ण मांडलेला नसेल. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळाने श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंतची छपरे उडवली, तेव्हा पाणी वरून आले. म्हणजे कोकणात कागदाला खालून पुराचा आणि वरून वाऱ्या-पावसाचा असा दुहेरी धोका आहे, आणि गोदाम निवडताना या सेवेने दोन्हींचा विचार केलेला दिसतो. दप्तर आपत्तीत गेलेच, तर तलाठ्यांच्या पंचनाम्याची प्रत आणि कामगार व भविष्यनिर्वाह निधी कार्यालयांना दिलेल्या लेखी कळवण्याची पोच कायमची जपून ठेवावी, हा त्यांचा सल्लाही योग्य आहे. कागद वाहून गेला हे सिद्ध करणारा कागद हाच पुढे एकमेव आधार उरतो.

आता मुख्य मुद्दा. प्रत्येक खोक्यावर ही सेवा एक पिवळी चिठ्ठी लावते आणि तीवर नष्ट करण्याचे वर्ष लिहिते. आमच्या सर्व खोक्यांवर ते वर्ष एकाच नियमाने काढलेले होते: आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ वर्षे. मस्टर असो, नेमणूकपत्र असो, अपघाताची नोंदवही असो की नोकरीसाठी आलेला पण नाकारलेला अर्ज असो, सर्वांना आठच वर्षे. याचे कारण विचारले, तेव्हा त्यांच्या माणसाने सांगितले, "साहेब, कायद्यात कुठे तीन आहेत, कुठे पाच आहेत; आठ धरली की सगळे त्यात आले." ऐकायला हे सोयीचे वाटते, पण ते बरोबर नाही. काही कागदांसाठी आठ वर्षे फार होतात, काहींसाठी फारच अपुरी पडतात, आणि या सेवेचा सर्वांत मोठा दोष नेमका येथेच आहे.

आठ हा आकडा कोठून आला, हे उघड आहे. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १२८ प्रमाणे कंपनीने हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे ठेवायची असतात. आमची भागीदारी संस्था आहे, त्यामुळे तिला ही तरतूद लागूच नाही. आणि लागू असती, तरी ती हिशेबासाठी आहे, कामगारांच्या दप्तरासाठी नाही. कामगार कायद्यांनी आपली मुदत वेगळ्या रीतीने मोजली आहे. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या वेतन प्रदान अधिनियम, १९३६ च्या कलम १३-अ मध्ये नोंदवह्या तीन वर्षे जपायच्या असे म्हटले होते, पण ती तीन वर्षे वहीतील शेवटच्या नोंदीपासून मोजायची होती. किमान वेतनाच्या केंद्रीय नियमांत हीच पद्धत होती, आणि कंत्राटी कामगारांच्या केंद्रीय नियमांत शेवटच्या नोंदीपासून तीन कॅलेंडर वर्षे होती. जेथे राज्य कामगार विमा लागू आहे, तेथे कामगारांची नोंदवही आणि अपघात पुस्तक शेवटच्या नोंदीपासून पाच वर्षे ठेवावे लागते. एकच जाडजूड वही सलग सहा-सात वर्षे चालवण्याची जुन्या कारखान्यांची पद्धत लक्षात घेतली, तर 'शेवटच्या नोंदीपासून' या दोन शब्दांनी पहिल्या पानाचे आयुष्य किती वाढते ते ध्यानात येईल. सेवेच्या चिठ्ठीवर मात्र वही कधी सुरू झाली आणि कधी संपली, यासाठी रकानाच नव्हता.

आंब्याच्या कॅनिंगमध्ये यातून आणखी एक गुंता होतो. आमचा हंगाम लवकर आला तर मार्चमध्ये सुरू होतो आणि जूनमध्ये पाऊस पडला की आटोपतो. दप्तर आर्थिक वर्षाप्रमाणे बांधले की मार्चची हजेरी एका खोक्यात जाते, एप्रिलपासूनची दुसऱ्यात, आणि दोघांच्या नष्ट करण्याच्या तारखांत एका वर्षाचे अंतर पडते. एकाच हंगामाचा अर्धा पुरावा फाडला जायचा आणि अर्धा शिल्लक राहायचा, अशी ही व्यवस्था आहे. हंगामी उद्योगांचे दप्तर हंगामाप्रमाणेच बांधले पाहिजे. ही गोष्ट आंबा, काजू, कोकम आणि मासळीच्या प्रदेशात काम करणाऱ्या सेवेला ग्राहकाने सांगावी लागू नये.

तीन वर्षे पुरेशी आहेत का, याचे उत्तरही आता बदलले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आणि २९ जुन्या कायद्यांची जागा त्यांनी घेतली. पूर्वी वेतन प्रदान अधिनियमाखाली कामगाराने बारा महिन्यांत आणि किमान वेतनाच्या बाबतीत सहा महिन्यांत दावा करायचा असे. त्या काळी तीन वर्षांचे मस्टर ठेवणारा मालक निर्धास्त असे, कारण दाव्याची मुदत संपल्यानंतरही त्याच्याजवळ कागद शिल्लक असत. वेतन संहितेच्या कलम ४५ ने दाव्याची मुदत तीन वर्षे केली आहे आणि सबळ कारण असेल तर त्यानंतरचा दावाही दाखल करून घेता येतो. शिवाय कलम ५९ प्रमाणे वेतन किंवा बोनस दिलेला नाही असा दावा आला, तर ते दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे कामगाराने हातात काहीही नसताना दावा केला, तरी उत्तरासाठी कागद मालकाकडेच असला पाहिजे. तेव्हा वेतनाची कागदपत्रे तीन वर्षांच्या काठावर फाडणे आता धोक्याचे आहे. नुसत्या वेतनाच्या दाव्यापुरता पाच वर्षांचा पल्ला मला रास्त वाटतो, आणि दावा चालू असेल तर तो निकाली निघून अपिलाची मुदत संपेपर्यंत संबंधित कागदाला हात लावू नये. सेवेच्या करारात या शेवटच्या गोष्टीसाठी, म्हणजे वाद चालू असताना खोके रोखून धरण्यासाठी, एक ओळही नव्हती.

भविष्यनिर्वाह निधीच्या बाबतीतही संहितेने एक मर्यादा आणली आहे. जुन्या अधिनियमाच्या कलम ७-अ खालील चौकशीला कालमर्यादाच नव्हती; दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या भत्त्यांवर वर्गणी का भरली नाही, अशी विचारणा होऊ शकत असे. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम १२५ प्रमाणे वाद निर्माण झाल्यापासून पाच वर्षांनंतर अशी कार्यवाही सुरू करता येत नाही. एवढे वाचून कोणी जुनी चलने रद्दीत घालायला निघेल, तर त्याने आधी निवृत्तिवेतनाचा विचार करावा. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची मुदत संपली, तरी निवृत्तिवेतन मागणाऱ्या कामगाराची संपत नाही.

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे. निवृत्तिवेतनासाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि ते साधारणपणे वयाच्या ५८ व्या वर्षी सुरू होते. तिशीत आमच्याकडे लागलेली आणि चाळिशीत मुंबईला निघून गेलेली व्यक्ती आमचे नाव घेऊन पुन्हा दारात येईल, ती अठरा वर्षांनी. ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वाढीव निवृत्तिवेतनाबाबत निकाल दिला, तेव्हा तर ही गोष्ट देशभरातील आस्थापनांच्या अनुभवाला आली. वेतनमर्यादेऐवजी प्रत्यक्ष वेतनावर वर्गणी भरणाऱ्या कामगारांना संयुक्त विकल्प, म्हणजे मालकासह मिळून केलेला पर्याय-अर्ज, द्यायचा होता, आणि त्यासाठी मालकांना जुन्या वेतनाचा महिन्यावार तपशील भरून द्यावा लागला; मुदत वारंवार वाढवून अखेर ३१ जानेवारी २०२५ पर्यंत न्यावी लागली, यावरूनच किती ठिकाणी जुनी पगारपत्रके शोधावी लागली असतील याची कल्पना येते. ज्या आस्थापनांनी कामगारवार वेतनाचा गोषवारा ठेवला होता त्यांचे काम झाले. ज्यांनी 'मुदत संपली' म्हणून सर्व फाडले होते, त्यांचे कामगार अडले. आठ वर्षांची पिवळी चिठ्ठी येथे कामाला येत नाही.

ग्रॅच्युइटीची गोष्ट कोकणासाठी याहून जवळची आहे. नियमित आस्थापनेत दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळते, हे बहुतेकांना ठाऊक असते. हंगामी आस्थापनेत, जे कामगार वर्षभर कामावर नसतात, त्यांना दर हंगामामागे सात दिवसांचे वेतन मिळते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. तो हंगाम धरायचा की नाही हे ठरते हजेरीवर: त्या वर्षी आस्थापना जितके दिवस चालू होती, त्यांपैकी किमान ७५ टक्के दिवस काम केले असेल, तर ती सेवा अखंड मानली जाते. आता एखादी महिला हंगामी कारखान्यात काजू सोलण्याच्या आणि प्रतवारीच्या कामावर बावीस वर्षे येत असेल, तर तिच्या शेवटच्या हिशेबासाठी पहिल्या हंगामाचीही हजेरी लागणार, आणि केवळ तिची हजेरी पुरणार नाही, तर त्या वर्षी कारखाना किती दिवस चालू होता हेही लागणार. अशा वेळी आठ वर्षांपूर्वीचे मस्टर नष्ट झालेले असेल तर दोनच गोष्टी होतात. मालक प्रामाणिक असेल तर तो तिच्या शब्दावर पैसे देतो. नसेल तर ती बाई कामगार कार्यालयाच्या खेपा घालते आणि तेथे मालकालाच विचारले जाते की, दप्तर कोठे आहे. नव्या संहितेत ठरावीक मुदतीच्या नेमणुकीसाठी पाच वर्षांच्या सेवेची अट राहिलेली नाही, त्यामुळे ग्रॅच्युइटीचे प्रश्न आता थोड्या काळासाठी आलेल्या कामगारांबाबतही उठणार आहेत.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मुदत वर्षाला लावण्यापेक्षा कागदाला लावावी, आणि कागदाची मुदत ठरवताना तो मागायला कोण येईल आणि जास्तीत जास्त किती उशिरा येईल, हे पाहावे. निरीक्षक येईल, न्यायाधिकारी मागेल, निवृत्त कामगार येईल, कामगाराची विधवा येईल. प्रत्येकाची वेळ वेगळी असते. सरकारी कार्यालयांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करून कायमपासून एका वर्षापर्यंत वेगवेगळ्या मुदती लावण्याची पद्धत चालत आली आहे, आणि अभिलेख कक्षातला अनुभवी कारकून कागद पाहताच त्याचा वर्ग सांगतो. खाजगी आस्थापनांना सेवा विकणाऱ्यांनी हीच पद्धत उचलायला काय हरकत होती, ते समजत नाही. आमच्यापुरते आम्ही ती आता लावून घेतली आहे. सेवापुस्तिकेसारखा एक पानी गोषवारा, म्हणजे नाव, जन्मतारीख, रुजू व सोडल्याची तारीख, निधीचा खाते क्रमांक, वर्षावार वेतन, हंगामवार हजेरीचे दिवस, वारसाचे नामनिर्देशन आणि अखेरच्या हिशेबाची पावती, हे सर्व कायम. मूळ मस्टर आणि पगारपत्रके कामगार सेवेत असेपर्यंत आणि तो गेल्यावर आठ वर्षे. आठ हा आकडा येथे चालेल, कारण तो माणूस गेल्यापासून मोजलेला आहे. रजेचे अर्ज, पाळीचे तक्ते, उचल घेतल्याच्या चिठ्ठ्या हे तीन वर्षांत जायला हरकत नाही.

शिस्तभंगाच्या फायलींबाबत थोडी वेगळी दृष्टी लागते. कामावरून काढल्याचा वाद मांडण्याची मुदत औद्योगिक विवाद अधिनियमात तीन वर्षे होती, ती औद्योगिक संबंध संहितेत दोन वर्षांवर आली आहे. त्यामुळे चौकशीची संपूर्ण फाइल पाच वर्षांहून अधिक ठेवण्याचे कारण उरत नाही, आणि एखाद्याला दिलेली जुनी ताकीद त्याच्या नावामागे जन्मभर लावून ठेवणे मला न्यायाचेही वाटत नाही.

आरोग्याच्या नोंदी मात्र अगदी वेगळ्या गटातील आहेत, आणि येथे आठ वर्षांचा नियम सरळसरळ घातक आहे. ॲस्बेस्टॉसच्या कामगारांसंबंधी २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरी सुरू झाल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोपर्यंत ठेवण्याचा आदेश दिला. कारण सरळ आहे: ॲस्बेस्टॉसमुळे होणारा कर्करोग दिसायला काही दशके लागतात, आणि तोपर्यंत कारखाना, मालक, डॉक्टर सर्व बदललेले असतात. जुन्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४१-क नेही घातक प्रक्रियांतील कामगारांच्या अद्ययावत आरोग्य नोंदी ठेवण्याचे बंधन घातलेले होते. लोटे-परशुराम किंवा महाड येथील रासायनिक कारखान्यांनी अशी सेवा घेताना आरोग्याच्या फायली सर्वसाधारण खोक्यांत मुळीच जाऊ देऊ नयेत. आमच्याकडे घातक रसायने नाहीत, पण काजूच्या टरफलातील तेलाने हात पोळतात, कातडी निघते, आणि वर्षानुवर्षे बी फोडणाऱ्या बायकांच्या हातांकडे पाहिले की त्याची नोंद ठेवावी की नाही हा प्रश्न पडत नाही. आम्ही त्या नोंदी कारखान्यातच ठेवल्या.

जे ठेवू नये, त्याकडेही या सेवेचे लक्ष नाही. नोकरीसाठी अर्ज करून गेलेल्या, पण न घेतलेल्या उमेदवारांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स, बँक पासबुकांच्या प्रती आणि छायाचित्रे यांचे एक अख्खे खोके त्यांनी प्रामाणिकपणे स्कॅन केले आणि त्यावरही आठ वर्षांची चिठ्ठी लावली. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ हा केवळ संगणकात जन्मलेल्या माहितीला लागू आहे असे समजू नये. कागदावर घेतलेली आणि नंतर डिजिटल केलेली माहितीही त्यात येते. म्हणजे स्कॅनिंग यंत्रातून कागद बाहेर पडला की तो या अधिनियमाच्या कक्षेत शिरतो. कलम ८ प्रमाणे उद्देश संपल्यावर, अन्य कायद्याने ठेवण्यास सांगितले नसेल तर, ती माहिती पुसायची असते, आणि काम बाहेरच्याला दिले तरी जबाबदारी मालकाचीच राहते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होणार आहेत. तेवढ्या अवधीत असली खोकी रिकामी करणे सहज शक्य आहे.

याहून गंभीर बाब अंतर्गत समितीच्या फाइलची. आमच्याकडे बहुसंख्य कामगार महिला आहेत आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध अधिनियमानुसार समिती आहे. त्या अधिनियमाचे कलम १६ तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा मजकूर उघड करण्यास मनाई करते. सेवेच्या माणसांनी सूची करताना इतर फायलींप्रमाणेच त्या फाइलवरील नावे यादीत टंकली आणि यादी ई-मेलने पाठवली. हेतू वाईट नव्हता, पण शिकवणुकीचा अभाव होता. आम्ही ती फाइल त्याच दिवशी परत मागवली, यादी दुरुस्त करून घेतली, आणि आता ती समितीच्या अध्यक्षांच्या कुलपात असते.

स्कॅनिंगचा दर्जा चांगला आहे. पाने सरळ आहेत, फिकट शाईही वाचता येते, आणि थर्मल कागदावरील पावत्या काही वर्षांत कोऱ्या पडतात हे ओळखून त्यांनी त्या सर्वांत आधी घेतल्या. परंतु स्कॅन झाला म्हणून मूळ कागद फाडायला हरकत नाही, हा त्यांच्या माहितीपत्रकातील सूर मला मान्य नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम ७ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात अभिलेख ठेवण्यास मान्यता देते, पण तो पुढे पाहता आला पाहिजे आणि मूळ मजकुराशी तंतोतंत जुळतो हे दाखवता आले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात हॅश मूल्य, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संगणकाने काढलेला सांकेतिक क्रमांक, नमूद करायचे असते. सेवेने दिलेल्या हार्ड डिस्कवर असे काहीही नव्हते. आणि आमच्या जुन्या पगारपत्रकांवर सह्यांपेक्षा अंगठे अधिक आहेत. 'हा अंगठा माझा नाही' असे कोणी म्हटले, तर तज्ज्ञाला मूळ शाईचा ठसाच द्यावा लागेल. तेव्हा अंगठे असलेली पत्रके मूळ स्वरूपात ठेवावीत, असा आमचा निर्णय आहे.

मुकादमामार्फत येणाऱ्या कामगारांबाबत ही सेवा काहीच करत नाही, हा आणखी एक उणेपणा. पेट्या भरण्या-उतरवण्यासाठी मुकादम माणसे आणतो, हंगाम संपला की स्वतःच्या वह्या घेऊन गावी जातो, आणि वेतन किंवा निधी थकल्याची तक्रार आली की मुख्य मालक म्हणून आमच्याकडे बोट दाखवले जाते. त्याच्या मस्टरच्या आणि पगाराच्या साक्षांकित प्रती शेवटचे बिल देण्यापूर्वी घेणे आणि आपल्याच कागदांइतका काळ त्या ठेवणे, एवढे केले तरी पुरे.

आंबा-काजूच्या छोट्या बागायतदारांना मात्र या सेवेची आवश्यकता नाही. शेतीसाठी किंवा घरकामासाठी पाचपर्यंत माणसे ठेवणाऱ्याला वेतन संहितेच्या कलम ५० ने नोंदवह्यांतून सूट दिलेली आहे; मागितल्यास मजुरी दिल्याचा वाजवी पुरावा दाखवला की झाले. राखणदाराला आणि गड्यांना पैसे बँकेतून द्यावेत, रोख दिल्यास तारखेसह सही घ्यावी, आणि ती वही घरातच कोरड्या जागी ठेवावी. मालवण-तारकर्लीकडील हंगामी हॉटेले आणि न्याहारी-निवासाची मोठी ठिकाणे यांनी मात्र आपण त्या सवलतीत बसत नाही, हे लक्षात घ्यावे.

दराबद्दल सांगायचे तर दर खोक्यामागे मासिक भाडे, पानामागे स्कॅनिंगचा आकार, फाइल मागवली की दर खेपेचा वेगळा आकार आणि नष्ट करण्याचा आणखी वेगळा, अशी रचना आहे. यातली मेख लक्षात घ्यावी. खोके जितकी वर्षे पडून राहील तितके भाडे मिळते, आणि ते नष्ट करायचे तर ग्राहकालाच पैसे मोजावे लागतात. त्यामुळे सरसकट लांब मुदत सेवेच्या सोयीची आहे आणि मुदत संपलेल्या खोक्यांची यादी त्यांच्याकडून आपणहून कधी येत नाही. फाइल मागवल्यावर ती दुसऱ्या दिवशी हाती येते, भर पावसात निवळीचा घाट चढून माणूस येतो, याबद्दल तक्रार नाही.

ज्यांच्याकडे ओल लागलेल्या फायलींचे ढीग आहेत, वरचा मजला नाही आणि सूची करायला माणूस नाही, त्यांनी ही सेवा साफसफाई, सूची आणि साठवणीसाठी जरूर घ्यावी. मुदती ठरवण्याचे काम त्यांच्यावर सोपवू नये. तो तक्ता आपल्या वकिलाला किंवा दुसऱ्या कामगार सल्लागाराला दाखवून आपणच करावा आणि कराराला जोडावा. आमचा नवा करार याच रीतीने झाला आहे. चिठ्ठीवर आता वहीतील पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची तारीख, हंगाम आणि वर्ग असे रकाने आले आहेत, वाद चालू असलेल्या खोक्यांना लाल पट्टी लागते, आणि नष्ट करण्याच्या यादीवर आमची सही झाल्याखेरीज एकही खोके हलणार नाही, हे त्यांनी मान्य केले आहे. नष्ट करण्याचा आकार भाड्यातच धरावा, या मागणीवर मात्र अजून बोलणे चालू आहे.